सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट हा गेम कन्सोल फ्लॉप होता, मग लोक अजून त्याचं कौतुक का करतात?

विकला कमी गेला हे खरंच की, साधारण 90 लाख, आणि 2001 मध्ये सेगानं बंदच केला. पण खेळणाऱ्याला त्या आकड्याचं काय करायचंय? बेळगावात शहापूरला मामाच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं त्यावर सोल कॅलिबर हा मारामारीचा गेम खेळायचो, हरला की कंट्रोलर पुढच्याला, मामी जेवायला हाका मारून दमायची. शेनमूमध्ये तर घरातला एकेक ड्रॉवर उघडून बघता यायचा, 1999 चा गेम आहे तो, आणि फँटसी स्टार ऑनलाइन 2000 मध्येच नेटवर चार जण मिळून खेळायचे. जेट सेट रेडिओ हा गेम आज लावून बघा, रंग जुने वाटतच नाहीत. सोनीचा पीएस टू, म्हणजे प्लेस्टेशन 2, खूप जास्त खपला, मलाही आवडतो, पण इतक्या थोड्या वर्षांत इतके वेगळे गेम दुसऱ्या कुठल्या कन्सोलवर मला तरी दिसले नाहीत बघा.