तुरुंगाऐवजी काम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: चोरी करणाऱ्याला तुरुंगात न टाकता झाडू मारायला लावायचं, ही शिक्षा की सुटका?

उत्तर: शिक्षाच. इंग्लंड-वेल्समध्ये १९७३ साली ही पद्धत सहा भागांत सुरू झाली. आज तिथे न्यायालय ४० ते ३०० तासांचं बिनपगारी काम लावू शकतं. माझा खरा राग आहे तो दोन-तीन महिन्यांच्या कैदेवर. तेवढ्या दिवसांत आत कुठलं कौशल्य शिकून होत नाही, पण बाहेरची नोकरी मात्र हमखास जाते, घरभाडं थकतं. सुटून आलेल्याला काम कोण देणार? ज्याने कुणावर हात उचललेला नाही, त्याच्या बाबतीत आधी कामाच्या शिक्षेचाच विचार व्हावा, असं मी ठामपणे म्हणतो.

प्रश्न: फुकट राबवून घेणं म्हणजे वेठबिगारी नाही का?

उत्तर: शंका रास्त आहे. १९३० च्या आंतरराष्ट्रीय कराराने सक्तीच्या मजुरीवर बंधनं घातली, पण न्यायालयाने दोषी ठरवलेल्याच्या कामाला दोन अटींवर मुभा ठेवली: देखरेख सरकारी हवी आणि त्या माणसाला खासगी मालकाच्या दावणीला बांधता कामा नये. म्हणून बाग, वाचनालय, सार्वजनिक भिंतीची रंगरंगोटी चालेल. कंत्राटदाराचा मजूर वाचवण्यासाठी हे तास वापरले, तर ती वेठबिगारीच.

प्रश्न: काम आपल्या आवडीचं मागता येतं का?

उत्तर: मागून बघावं. निर्णय देखरेख करणाऱ्यांचा असतो. सुताराला बाकं दुरुस्त करायला देणारा अधिकारी मला शहाणा वाटतो.

प्रश्न: नवऱ्याला १२० तासांची शिक्षा लागली आहे. तो रोजंदारीवर जातो. कामाच्या दिवशी बोलावलं तर चूल कशी पेटायची?

उत्तर: ताई, पहिल्याच भेटीत हे अधिकाऱ्याला सांगा आणि सुट्टीचा दिवस मागा. दर रविवारी आठ तास धरले, तर पंधरा रविवारांत शिक्षा पुरी होते. आजारपण आलं तर आधी कळवा, डॉक्टरांचा दाखला जोडा. न सांगता दांडी मारली, तर प्रकरण पुन्हा न्यायालयात जाऊ शकतं, आणि मग तुरुंगही दूर नसतो. आणखी एक: निघण्याआधी आल्याची-गेल्याची वेळ मस्टरवर नीट चढली का, सही झाली का, हे नवऱ्याला रोज बघायला सांगा. तासांवरून वाद झाला, तर तोच कागद कामी येईल.