लढाई कमी, वाटाघाटी आणि संशय जास्त असा साय-फाय एपिसोड हवा असेल तर 'द डिफेक्टर' बघा

लढाईपेक्षा वाटाघाटी, संशय आणि युद्धाआधीचा ताण जास्त आहे असा साय-फाय मालिकेतला एपिसोड कुठला आणि तो का बघावा, असं तुम्ही विचारलंय. हा विषय निघाला की बहुतेक जण स्टार ट्रेक डीप स्पेस नाइनमधला 'इन द पेल मूनलाइट' सांगतात, १९९८ चा, ज्यात कॅप्टन सिस्को खोटा पुरावा तयार करून रोम्युलन या परग्रही लोकांना युद्धात ओढतो. तो भारीच आहे, त्यात वाद नाही. पण मला विचाराल तर त्याच्या आठ वर्षं आधीचा, स्टार ट्रेकच्याच नेक्स्ट जनरेशन मालिकेतला 'द डिफेक्टर' बघा, तिसऱ्या सीझनचा दहावा, जानेवारी १९९० चा, रोनाल्ड मूरनं लिहिलेला. पुढं मी शेवटासकट सगळं सांगणाराय, त्यामुळं बघायचा असेल तर आधी बघून या.

गोष्ट अशी की फेडरेशन (माणसं आणि त्यांचे साथीदार ग्रह) आणि रोम्युलन साम्राज्य यांच्यामध्ये एक पट्टा आहे, न्यूट्रल झोन, तिथं दोघांपैकी कुणीही जहाज घातलं की करार मोडला आणि ते युद्धाचं पाऊल धरलं जातं. एक दिवस त्या पट्ट्यातून एक छोटं रोम्युलन जहाज पळत येतं, मागं त्यांचंच मोठं लढाऊ जहाज लागलेलं, आणि आतला जखमी माणूस फेडरेशनच्या एंटरप्राइज या जहाजाकडं आश्रय मागतो. नाव सांगतो सेटल, आपण साधा कारकून आहे म्हणतो, आणि बातमी देतो की न्यूट्रल झोनमधल्या नेल्वाना तीन या ग्रहावर रोम्युलन लोक गुपचूप लष्करी तळ उभारायलेत, तो पूर्ण झाला की हल्ला होणार, तुम्ही आत्ताच जाऊन थांबवा.

आता एंटरप्राइजचा कॅप्टन पिकार्ड, त्यानं काय करायचं? आत गेला आणि तळ नसला तर करार ह्यानं मोडला, युद्ध ह्यानं सुरू केलं. नाही गेला आणि तळ असला तर लाखो माणसं मरणार. लांबून यंत्रांनी बघितलं तर काहीतरी हालचाल असावी असं वाटतंय, पण पुरावा म्हणून कुणापुढं ठेवता येईल असं काही नाही. आणि बातमी देणारा माणूस तर आपलं नाव, हुद्दा सगळंच खोटं सांगायलाय, हे हळूहळू उघडं पडतं, आल्या आल्या त्यानं स्वतःचं जहाजही उडवून दिलेलं, म्हणजे तपासायलाही काही शिल्लक नाही. पिकार्डचे अधिकारी रायकर आणि ट्रॉय त्याची चौकशी करतात ते प्रसंग नीट बघा, आवाज चढवल्याशिवाय किती ताण तयार करता येतो ते तिथं कळतं.

मला हा एपिसोड इतका का लागतो याचं कारण मी बेळगावचा आहे. आमच्याकडं तणाव कसा चढतो ते आम्ही बघत आलोय, १९५६ ला राज्यं पाडली तेव्हापासूनचा हा वाद, १९६६ ला महाजन आयोग नेमला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही आणि २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात आहे. इथं कुणी युद्धाला निघत नाही, हे मला पक्कं माहितीय आणि दोन्हीची बरोबरी मी करत नाही. पण डिसेंबर २०२२ आठवा. हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं, एसट्या बंद झाल्या, आणि निपाणी कागलकडं रोज कामाला, दवाखान्याला, कॉलेजला जाणारी माणसं अडकून पडली. मग १४ डिसेंबरला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवलं, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कुणी कुणाच्या भागावर दावा सांगायचा नाही असं ठरलं, दोन्हीकडचे तीन तीन मंत्री बोलत राहतील असं ठरलं. आणि त्याच बैठकीनंतर शहांनी सांगितलं की मोठ्या नेत्यांच्या नावानं खोटी ट्विटर अकाउंट काढून आगीत तेल ओतलं गेलं, त्यावर एफआयआर होणार. ते ऐकलं तेव्हा मला नेल्वानावरच्या तळाची ती बातमीच आठवली. सीमेवर प्रत्यक्ष काय घडलं त्याच्याइतकंच, कधी त्याच्याहून जास्त, काय घडलं म्हणून सांगितलं गेलं त्यानं पेटतं.

तर एपिसोडमध्ये पुढं कळतं की हा कारकून नसून अॅडमिरल जॅरॉक आहे, नॉर्कन चौक्यांवर कत्तल केली म्हणून फेडरेशनमध्ये ज्याचं नाव शिवीसारखं घेतलं जातं तो. त्याला मुलगी झाली आणि तिला युद्धाशिवायचं जग मिळावं म्हणून हा स्वतःच्याच वरिष्ठांशी भांडत राहिला, त्यांनी त्याला बाजूला टाकलं, आणि मग हा सगळं सोडून निघाला. जहाजावरचा यंत्रमानव अधिकारी डेटा त्याला होलोडेकवर (हव्या त्या जागेचा आभास उभा करणारी खोली) त्याच्या मुलखातली दरी दाखवतो, त्याला बरं वाटावं म्हणून, आणि तो ती बंद करायला लावतो, कारण आता ती त्याची राहिलेली नाही.

इथं पिकार्ड त्याच्याशी जे बोलतो तो माझ्या मते सगळ्या एपिसोडचा गाभा आहे. जॅरॉकचं म्हणणं असं की मी युद्ध थांबवायला आलोय, माझ्या देशाच्या फौजेची माहिती विकायला नाही, मी गद्दार नाही. आणि पिकार्ड त्याला स्पष्ट सांगतो की तू गद्दारी करून बसलायस, अर्धी गद्दारी असं काही नसतं, माझी माणसं मी तुझ्या नुसत्या शब्दावर मरायला नेणार नाही, सगळं दे. पिकार्ड क्रूर वाटतो तिथं. पण त्याच्या जागी बसून बघा, हजारभर माणसांचं जहाज घेऊन जायचंय. आमच्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, आसपासच्या कितीतरी खेड्यांत घरटी कुणीतरी फौजेत गेलेलं, आणि हुकूम देणाऱ्यानं आधी खात्री करावी एवढीच त्या घरातल्या माणसांची मागणी असते. जॅरॉक शेवटी सगळं देतो. त्या क्षणी त्याच्याकडं काहीच उरत नाही, देश नाही, अब्रू नाही, फक्त आपलं खरं आहे एवढा विश्वास.

आणि नेल्वानावर काहीच नसतं. रिकामा ग्रह. त्याच्या वरिष्ठांनीच त्याला खोटे कागद, खोटे संदेश पुरवलेले, हा आपल्याशी इमानी आहे का ते बघायला, आणि फुटलाच तर ह्याच्या मागून एंटरप्राइज आत येईल म्हणून. परतायच्या आत रोम्युलन कमांडर टोमलॅक आपली अदृश्य लढाऊ जहाजं घेऊन एकदम समोर येतो, एंटरप्राइज पकडून तिचा सांगाडा राजधानीत मांडायचा बेत सांगतो. करार मोडला फेडरेशननं, म्हणजे कायद्यानंही बाजू त्याचीच.

पण पिकार्ड एकटा आलेला नसतो. गावाकडं बांधाचं भांडण असलं की मोजणीला शहाणा माणूस एकटा जात नाही, चार पंच बरोबर नेतो, तसं ह्यानं फेडरेशनचे मित्र असलेल्या क्लिंगन लोकांशी आधीच बोलून ठेवलेलं, आणि त्यांची तीन जहाजं अदृश्य होऊन बाजूबाजूनं आलेली असतात. ती एकदम दिसायला लागतात. आता गोळा कुणीही टाकला तरी दोघंही मरणार, आणि वर तिसऱ्या सत्तेशीही युद्ध लागणार. टोमलॅक हिशेब करतो आणि पुढच्या भेटीची वाट बघतो म्हणून निघून जातो. त्यापुढं एक गोळी सुटत नाही. मला हे सिस्कोच्या युक्तीपेक्षा मोठं वाटतं ते यासाठी की सिस्को युद्ध जिंकायला खोटं वापरतो, त्यात सिनेटर मरतो आणि एक सबंध साम्राज्य लढाईत उतरतं, तर पिकार्डला समोरून आलेलं खोटं ओळखता आलेलं नाही, तरी त्याची अशी तयारी आहे की ते खोटं ठरलं तरी माणसं घरी जातील.

जॅरॉक मात्र जात नाही. तो विष घेतो, बायकोला आणि मुलीला लिहिलेलं पत्र मागं ठेवून, आणि ते पत्र पोचवायला वाटच नसते कारण मध्ये तोच पट्टा आहे. पिकार्ड म्हणतो की जॅरॉकसारखी हिंमत असलेली आणखी माणसं निघाली तर कधीतरी शांतता येईल आणि पत्र घरी नेता येईल. हा एपिसोड दाखवला त्याच्या दोनेक महिने आधीच बर्लिनची भिंत पडलेली, त्यामुळं तेव्हाच्या प्रेक्षकाला ही आशा पोकळ वाटली नसणार.

बघायचा क्रम सांगतो. आधी १९६६ च्या मूळ स्टार ट्रेक मालिकेतला 'बॅलन्स ऑफ टेरर', न्यूट्रल झोन तिथून सुरू होतो (महाजन आयोग नेमला त्याच वर्षी, हे मला दरवेळी आठवतं). त्यात रोम्युलन लोकांचा चेहरा जहाजावरचा परग्रही वंशाचा अधिकारी स्पॉक याच्यासारखा दिसतो एवढ्यावरून जहाजावरचाच एक जण स्पॉकवर संशय घ्यायला लागतो. आमच्याकडं वातावरण तापलं की दुकानात माणूस कुठल्या भाषेत बोलला त्यावरून तो कुणाचा हे ठरवतात, त्यामुळं तो भाग मला बघवत नाही, पण तुम्ही बघाच. मग नेक्स्ट जनरेशनच्या तिसऱ्या सीझनचा सातवा, 'द एनिमी', त्यात टोमलॅक पहिल्यांदा येतो आणि एंटरप्राइजवरचा क्लिंगन अधिकारी वर्फ मरणाऱ्या रोम्युलनला रक्त द्यायला नकार देतो. तो बघितला नसेल तर 'द डिफेक्टर'मध्ये वर्फ आणि जॅरॉक समोरासमोर येतात त्यातलं निम्मं वजन हातातून जाईल. मग 'द डिफेक्टर', आणि 'इन द पेल मूनलाइट' सगळ्यात शेवटी.