आईचे मूत्रपिंड आणि सोबत आलेला विषाणू

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी अहमदाबादेत माझ्या आठ वर्षांच्या मुलीवर मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले; मूत्रपिंड माझेच आहे. आता तिच्या रक्तात ‘सीएमव्ही’ विषाणू सापडला आहे. डॉक्टरांनी व्हॅलगॅनसायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध सुरू करून प्रतिकारशक्ती दाबणारे एक औषध कमी केले. यामुळे शरीर मूत्रपिंड नाकारणार तर नाही ना? आणि हा विषाणू आला कोठून?
– एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो आपल्या मनाला अधिक लागला असावा. आपल्या देशातील बहुतेक प्रौढांना सायटोमेगॅलोव्हायरसचा, म्हणजेच ‘सीएमव्ही’चा, संसर्ग लहानपणीच नकळत होऊन गेलेला असतो आणि तो विषाणू शरीरात आयुष्यभर सुप्त राहतो. तो आपल्या मूत्रपिंडाबरोबर मुलीकडे गेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्यात आपला काडीचाही दोष नाही. दाता आणि रुग्ण या दोघांचीही याविषयीची रक्ततपासणी प्रत्यारोपणापूर्वी होते आणि हा धोका लक्षात घेऊनच डॉक्टर पुढे जातात.

आता औषधाविषयी. व्हॅलगॅनसायक्लोव्हिर विषाणूची वाढ रोखते, परंतु त्याला कायमचे काबूत ठेवण्याचे काम शरीराच्या स्वतःच्या पेशींनाच करावे लागते, आणि त्याच पेशींना आपण औषधांनी बांधून ठेवलेले असते. म्हणून तो बंध थोडा सैल करणे हा उपचाराचाच भाग आहे. शरीराने मूत्रपिंड नाकारण्याचा धोका त्यामुळे थोडा वाढतो, हे खरे आहे. पण मोकाट सुटलेला सीएमव्हीही तोच धोका वाढवतो. म्हणूनच मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिन आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातील पातळी वारंवार पाहतात. टॅक्रोलिमसच्या तपासणीचे रक्त सकाळची मात्रा देण्यापूर्वीच द्यावे. मात्रा देऊन मग प्रयोगशाळेत गेल्यास आकडा फसवा येतो.

व्हॅलगॅनसायक्लोव्हिरचे पातळ औषध स्वयंपाकघरातल्या चमच्याने नव्हे, सोबतच्या सिरिंजनेच मोजून जेवणाबरोबर द्यावे. त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्ताची तपासणी चुकवू नये. मुलीला बरे वाटू लागले तरी रक्तातील विषाणू शोधणाऱ्या पीसीआर तपासणीत तो दिसेनासा होऊन डॉक्टर सांगेपर्यंत औषध थांबवू नये.

ताप आल्यास घरची आयबुप्रोफेन देऊ नये. ते नव्या मूत्रपिंडाला जड जाते. वर्गात कुणाला कांजिण्या झाल्याचे कळले, तर पुरळाची वाट न पाहता त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा, कारण त्यावरचे संरक्षक इंजेक्शन संपर्कानंतर मोजक्याच दिवसांत उपयोगी पडते.