आवडीच्या रकान्यात काय लिहावे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आहार-पाहणीसाठी तू तयार केलेली प्रश्नावली वाचली. ‘हे धान्य का खाता?’ असे विचारून पुढे चव, किंमत, आरोग्य आणि सवय असे चार पर्याय दिले आहेस. माझे ऐकशील तर तो प्रश्न काढून टाक. उत्तर मिळेल, परंतु ते विचारणाऱ्याकडे पाहून दिलेले असेल. हातात फॉर्म घेऊन दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला ‘आवडते म्हणून’ असे सांगून वाटेला लावणे सर्वांत सोपे असते.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका घरी मी स्वतः यात फसले आहे. ‘आम्ही ज्वारीची माणसं, भाकरीबिगर पोट भरत नाही,’ असे आजी ओसरीवर सांगत होत्या आणि आत त्यांची सून चपात्या लाटत होती. आजी खोटे बोलत नव्हत्या. आपण कोण आहोत ते त्या सांगत होत्या आणि मी ते ताटात काय आहे म्हणून लिहून घेत होते. पुढे सुनेजवळ बसले तेव्हा खरा हिशेब कळला. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो, म्हणून गरम पाण्यात एकेका भाकरीपुरता गोळा मळायचा, थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि उलटून शेकायचा. आठ माणसांचे हे काम उरकून तिला सकाळी खुरपणीला जायचे असे. कणीक मात्र एकदा मळून ठेवली की थोरली मुलगीही लाटायला बसते आणि डब्यातली चपाती दुपारपर्यंत मऊ राहते. शिवाय ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापतानाच चिरते, म्हणून थोडे थोडे दळण घेऊन वारंवार गिरणी गाठावी लागते. तुझ्या चार पर्यायांत गिरणी कुठे बसते?

धान्य घरात कोणत्या वाटेने येते, हेही बघ. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोने देऊ केला आणि 2023 पासून तो फुकट मिळू लागला. भरड धान्य 1 रुपयाने द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे, पण आपल्याकडे रेशनच्या पिशवीतून मुख्यतः गहू-तांदूळच आले. दुसरीकडे उजनी धरणाचे पाणी पोचले तिथे शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानात ऊस उभा राहिला. शाळू मुळासकट उपटून काढायचा म्हणजे कंबर मोडणारे काम, त्याला मजूर मिळेना; आणि दावणीची जनावरे कमी झाल्यावर कडब्यासाठी तरी ज्वारी पेरावी, हे कारणही सैल पडले. रानातून गेलेली वस्तू ताटातून जायला फार वेळ लागत नाही.

मानापमानाचा भाग नाजूक आहे, तो थेट विचारू नकोस. पोळी सणाला किंवा पाहुण्याला, असे ज्यांच्या लहानपणी होते, त्यांना रोजची चपाती ही वर चढल्याची खूण वाटली तर त्यात हसण्यासारखे काही नाही. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी खाल्लेली माणसे अजून आहेत. त्यातल्या एका आजोबांनी तांबूस दाण्याची चांगली ज्वारी माझ्यासमोर नुसत्या रंगावरून परत केली होती. आता चांगल्या शाळूचा भाव गव्हाच्या वर गेला आहे आणि मधुमेहाच्या धास्तीने शहरातला माणूस भाकरी शोधत फिरतो आहे. त्याच भाकरीचे गुण खेड्यातल्या बाईला पटवून द्यायला आपण निघावे, याचा मला थोडा संकोच वाटतो.

तेव्हा ‘का’ विचारण्याऐवजी काल रात्री काय शिजले, कोणी शिजवले, पीठ कधी दळले आणि सर्वांत शेवटी कोण जेवले, एवढेच विचार. पिठाचा डबा दाखवला तर उघडून बघ. आणि हुरड्याच्या दिवसांत पाहणी ठेवू नकोस. तेव्हा प्रत्येक घर ज्वारीचेच नाव सांगते, आणि तुलाही हातावर गरम हुरडा ठेवल्यावर ते खरे वाटेल.

तुझी,
मावशी