ती 'जा' का म्हणाली?

प्रश्न : ताई, तुम्ही सुचवलेला 'लस्ट, कॉशन' पाहिला आणि खरं सांगते, शेवटी इतका राग आला की रात्री झोपच लागेना. सगळं जमून आलेलं असताना ती मुलगी ऐनवेळी त्या माणसाला 'जा, पळ' सांगते, स्वतः जिवानिशी जाते आणि सोबतच्या सगळ्यांनाही नेते. एका अंगठीपायी? दिग्दर्शकाला तो देशद्रोही माणूसच जास्त आवडलाय का?

राग आला ते बरंच झालं, मलाही पहिल्यांदा आला होता. पण अंगठी हेच कारण धरलंत तर सिनेमा हातातून निसटेल, त्यापेक्षा जरा मागे जाऊन बघा. १९३८ चं हाँगकाँग, कॉलेजात नाटकं करणारी पोरं, आणि जपान्यांना सामील झालेल्या यी नावाच्या बड्या असामीला मारायचं असं ती ठरवतात. वाँग चिया-चीनं व्यापाऱ्याची बायको बनून त्याला जाळ्यात ओढायचं, मग लक्षात येतं की हिला तर कसलाच अनुभव नाही, तर ग्रुपमधल्याच एका मुलाकडून तिनं 'शिकून' घ्यावं असं बाकीच्यांचं आधीच बोलून झालेलं असतं. तिला धड कोणी विचारतही नाही, आणि ज्या क्वांगवर तिचा जीव आहे तोही गप्प बसतो. पुढे शांघायमध्ये तोच बेत पुन्हा, आता पाठीशी पक्की संघटना, तिथे ती वरिष्ठाला जीव तोडून सांगते की हा माणूस माझ्या पार काळजापर्यंत शिरतोय, तर तो ओरडून तिला गप्प करतो. क्वांग तिला जवळ घेऊन चुंबन घेतो तेव्हा ती म्हणते, तीन वर्षांपूर्वी का नाही घेतलंस? मला तर अख्ख्या सिनेमातलं हे सगळ्यात जड वाक्य वाटतं.

आता दागिन्यांचं दुकान आठवा. यीला तिच्यासाठी घेतलेल्या अंगठीतल्या हिऱ्याशी काही देणंघेणं नाही, त्याला तो तिच्या हातावर बघायचाय. तिच्याकडे असं बघणारा पहिला माणूस कोण निघाला, तर लोकांचा छळ करणारा, ज्याला मारायला ती आली तोच! त्या क्षणी तिच्या तोंडून 'जा' निघतं. ते बरोबर होतं असं सिनेमा कुठेही म्हणत नाही. यी सुटतो आणि तिच्यासकट सगळ्यांच्या मृत्यूच्या कागदावर सही करतो, मग दिग्दर्शक आंग ली यांनी त्याला माफ केलंय असं कसं म्हणायचं? तिच्या कोटाच्या कॉलरमध्ये विषाची गोळी लपवलेली असते, रिक्षात बसल्यावर ती काढते, बघते आणि घेत नाही. तेवढा शॉट परत बघा, प्लीज. आपण काय करून बसलोय हे तिला पुरतं ठाऊक आहे.

प्रश्न : युद्धाच्या सिनेमात लव्हस्टोरी घुसडतातच का? मला तर मध्येच ब्रेक लागल्यासारखं वाटतं.

बऱ्याच सिनेमांत घुसडलेलीच असते, मान्य. पण आंद्रेई वायदांचा १९५८ चा 'अ‍ॅशेस अँड डायमंड्स' बघा, तिथे लव्हस्टोरी काढली तर काही उरतच नाही. ८ मे १९४५, युरोपातलं युद्ध संपल्याचा दिवस, पोलंडमधलं एक गाव. कम्युनिस्टांविरुद्ध भूमिगत लढणाऱ्या माचेक नावाच्या तरुणाला हुकूम आहे की श्चुका नावाच्या कम्युनिस्ट पुढाऱ्याला उडवायचं, आधी एकदा प्रयत्न केला तर भलतेच दोन कामगार मेले, त्यांचं ना युद्धाशी देणंघेणं ना राजकारणाशी. त्याच रात्री हॉटेलच्या बारमधली क्रिस्टिना त्याला भेटते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला उद्या हवासा वाटतो. साधं जगावं, शिकावं. म्हणजे हुकूम पाळला तर ती गेली, मोडला तर आजवर मेलेल्या मित्रांचं काय? प्रेम आलं म्हणून हुकमाचं ओझं कळलं, नाहीतर त्यानं गोळी घालून विषय संपवला असता. आणि श्चुकाही कोणी राक्षस नाही, त्याचा स्वतःचा तरुण मुलगा विरुद्ध बाजूनं लढताना पकडला गेलाय आणि हा बाप त्याला भेटायला निघालाय. माचेक गोळ्या झाडतो, श्चुका पुढे कोसळतो तो नेमका माचेकच्याच मिठीत, आणि त्याच वेळी आकाशात विजयाचे फटाके फुटतात. मारणारा मरणाऱ्याला सावरून धरतोय. मी किती वेळा पाहिलाय, तरी तिथे गळा दाटतोच.

प्रश्न : 'द बॅटल ऑफ अल्जीयर्स' मधली दृश्यं खरी आहेत का? तो कोणाच्या बाजूचा आहे?

वाटतात खरी, पण सगळं नव्यानं शूट केलेलं आहे. मात्र क्रांतिकारकांच्या म्होरक्याचं काम करणारे सादी यासेफ हे प्रत्यक्षातही अल्जीरियाच्या फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यातले म्होरकेच होते. बाजू विचाराल तर अल्जीरियाच्या स्वातंत्र्याची, ती दिग्दर्शक पोंतेकोर्वो लपवत नाहीत. पण कॅफेत बॉम्ब ठेवणारी बाई आजूबाजूला बघते तेव्हा आइस्क्रीम खाणारं लहान मूल आपल्यालाही दाखवतात, आणि स्फोटानंतर जे संगीत वाजतं तेच आधी अरब वस्तीतल्या ढिगाऱ्याखालून प्रेतं काढताना वाजलेलं असतं. दोन्हीकडच्या मेलेल्यांसाठी एकच सूर. बाजू घेऊनही माणूस इतका प्रामाणिक राहू शकतो हे मला या १९६६ च्या सिनेमानं शिकवलं.

प्रश्न : यातलं काहीच पाहिलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

कॅरल रीडचा 'द थर्ड मॅन', १९४९. युद्धानंतरचं चार फौजांत वाटलेलं व्हिएन्ना, तिथे हॅरी लाइम भेसळीचं पेनिसिलिन विकतो आणि तरी तो इतका लोभस आहे की आपल्यालाही तो पकडला जाऊ नये असं वाटायला लागतं. मग त्याच्या मित्राला मुलांच्या हॉस्पिटलात नेतात. एकाही मुलाचा चेहरा दिसत नाही, फक्त एक नर्स टेडी बेअर टाकून देताना दिसते. हॅरीच्या प्रेयसीला, अ‍ॅनाला, हे सगळं समजतं आणि तरीही ती हॅरीवर प्रेम करणं सोडत नाही. शेवटच्या शॉटमध्ये मित्र रस्त्याच्या कडेला तिची वाट बघत उभा राहतो, ती लांबून चालत येते, खूप वेळ चालत येते, आणि त्याच्याकडे न बघता निघून जाते.