'क्वांटम-सुरक्षित' : क्वांटमने की क्वांटमपासून?

प्रश्न असा आहे : 'क्वांटम-सुरक्षित वितरित खातेवही' हा शब्दप्रयोग वाचनात आला, त्याचा अर्थ नवख्याला कसा सांगायचा, आणि मराठी म्हणून तो ठीक आहे का?

ठीक आहे, पण समास फसवा आहे. 'ईश्वरनिर्मित' म्हणजे ईश्वराने निर्मिलेला, तृतीया. 'ऋणमुक्त' म्हणजे ऋणातून मुक्त, पंचमी. 'क्वांटम-सुरक्षित'चा विग्रह दोन्हींप्रमाणे करता येतो आणि पंचाईत अशी, की दोन्ही अर्थांची तंत्रं खरोखर अस्तित्वात आहेत.

आधी वही, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेली व्यवहारांची सामायिक नोंद. 'वितरित' म्हटलं की प्रत्येकाच्या वाट्याला एकेक तुकडा आला असं वाटतं. इथे बहुतेकदा प्रत्येक संगणकाकडे अख्खी प्रत असते. 'खातेवही'सुद्धा काटेकोर नाही. जमाखर्च लिहिणारे रोजकीर्द आणि खतावणी वेगळी मानतात. ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे पानाला पान साखळीसारखं जोडलेल्या अशा वहीत, नोंदी घडतील त्या क्रमाने चढत जातात, म्हणजे ही खरं तर कीर्दच. असो, शब्द रूळला आहे.

या कीर्दीतलं प्रत्येक पान आधीच्या पानाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, बाळगतं. जुन्या नोंदीतला एक आकडा बदला, एसएचए-२५६ या ठसा काढायच्या प्रचलित रीतीने काढलेला ठसा पार बदलतो, पुढच्या पानावर लिहिलेल्या ठशाशी जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. नोंद कोणी केली हे डिजिटल सही सांगते. सही करायची किल्ली खासगी, तपासायची सार्वजनिक.

धोका मुख्यतः सहीला आहे. पीटर शोर या गणितज्ञाने १९९४ साली मांडलेली रीत पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकावर, म्हणजे सूक्ष्म कणांचे नियम वापरून गणित करणाऱ्या यंत्रावर, चालवली, तर आज सर्रास वापरात असलेल्या सह्यांमध्ये सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढता येईल. मग तुमच्या नावाने कोणीही नोंद करील. हॅशला तितकी झळ नाही.

पंचमीचा अर्थ इथे लागतो : क्वांटम संगणकापासून सुरक्षित. यात क्वांटम असं काहीच नसतं! निराळ्या गणितावर बेतलेली सही साध्या संगणकावरच चालते. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने अशा सह्यांची मानकं ऑगस्ट २०२४मध्ये जाहीर केली. त्यांतल्या एमएल-डीएसएची सर्वांत छोटी सही २,४२० बाइटची. बिटकॉइनसारख्या ठिकाणच्या सहीचा ऐवज जेमतेम ६४ बाइट. प्रत्येक सही प्रत्येक प्रतीत कायमची राहणार, त्यामुळे वही चांगलीच फुगते.

तृतीयेत मात्र क्वांटमच राखणदार. बेनेट आणि ब्रासार या संशोधकांनी १९८४ साली सुचवलेल्या पद्धतीत दोघांनाच ठाऊक असणारी गुप्त किल्ली एकेका प्रकाशकणावरून पाठवतात. मध्ये कोणी डोकावलं की कणांची अवस्था बिघडते आणि चोरी कळते. २०१७ साली मॉस्कोतल्या संशोधकांनी शहरातल्या फायबर जाळ्यावर अशा किल्ल्या वापरून छोटी ब्लॉकचेन चालवून दाखवली. मोजक्या संस्थांना हे जमेल. कोणीही यावं आणि सामील व्हावं अशा वहीत प्रत्येकाशी अशी जोडणी कुठून आणणार?

माझं मत विचाराल तर पंचमीच्या अर्थाला 'अग्निरोधक'च्या चालीवर 'क्वांटमरोधक' म्हणावं आणि 'क्वांटम-रक्षित' तृतीयेसाठी ठेवावं. तोवर, असा मजकूर समोर आला की तो सह्यांबद्दल बोलतोय की प्रकाशकणांबद्दल, तेवढं पाहा. जाहिरातीत दोन्हींपैकी काहीच सापडत नसेल, तर विग्रह विक्रेत्याला विचारावा.