प्रश्न तुमचे, फळा माझा : ‘जी’ अधिक घ्यायचा की उणे?

प्रश्न : बाई, मी बारावीला आहे आणि सीईटी देणार आहे. उजळणीसाठी अकरावीचं ‘मोशन इन अ प्लेन’ पुन्हा काढलं. गतीची तिन्ही समीकरणं पाठ आहेत, पण चेंडू वर फेकला की माझं गणित चुकतं. क्लासमध्ये सांगतात, वर जाताना जी, म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, उणे आणि खाली येताना अधिक. मग गच्चीवरून वर फेकलेला चेंडू खाली रस्त्यावर पडला तर? मी दोन तुकडे करून सोडवते. उत्तर येतं, पण वेळ फार जातो.
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : ते ‘वर उणे, खाली अधिक’ आधी वहीतून खोडून टाक. चेंडू वर चाललाय की खाली, हे पृथ्वी विचारत नाही. ती सतत खालीच ओढते. चिन्ह ठरतं ते तू कुठली दिशा अधिक मानलीस त्यावरून, आणि ते एकदाच ठरवायचं, गणित सुरू करण्याआधी. वरची दिशा अधिक म्हटलीस ना, मग गणित संपेपर्यंत त्वरण उणे 10. चढताना, उतरताना आणि अगदी शेंड्यावर क्षणभर थांबतो तेव्हासुद्धा.

आता तुझीच गच्ची घेऊ. उंची 25 मीटर, चेंडू सेकंदाला 20 मीटर वेगाने सरळ वर फेकला, जी 10. तुझ्या पद्धतीने तो 2 सेकंद वर जातो, 20 मीटर चढतो, मग 45 मीटर खाली पडायला 3 सेकंद घेतो. एकूण 5. बरोबर आहे. पण एका दमात करून बघ. विस्थापन म्हणजे निघाला कुठून आणि पोचला कुठे एवढंच, मधला प्रवास त्यात नाही. तो निघाल्या जागेच्या 25 मीटर खाली पोचला, म्हणून विस्थापन उणे 25. टी म्हणजे लागलेला वेळ, आणि विस्थापन = सुरुवातीचा वेग × टी + अर्धं त्वरण × टी².

−25 = 20टी − 5टी²
म्हणजे टी² − 4टी − 5 = 0
म्हणून टी = 5 किंवा टी = −1

इथे सगळी मुलं उणे 1 वर काट मारतात. परीक्षेत तूही खुशाल मार. उजळणीत मात्र मारू नकोस, कारण या गणितातली खरी मजा त्या उणे 1 मध्येच आहे. समीकरणाला तुझी गच्चीही माहीत नाही आणि तुझा हातही. त्याला एवढंच ठाऊक आहे की ही वस्तू उणे 10 त्वरणाने चालली आहे. ते विचारतं, तू फेकण्याच्या 1 सेकंद आधी हा चेंडू कुठे असता? जमिनीवर! तेव्हाचा वेग काढ : 20 अधिक 10, म्हणजे 30, वरच्या दिशेने. थोडक्यात, खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणी 30 च्या वेगाने चेंडू वर फेकला असता, तर तो 1 सेकंदाने तुझ्या गच्चीपाशी बरोबर 20 च्या वेगाने पोचला असता. पुढचा प्रवास अगदी तोच. पडतानाचा वेगही काढ : 20 − 50 = −30. तिसानेच निघाला, तिसानेच परतला. उणे 1 पासून 5 पर्यंत झाले 6 सेकंद, आणि उड्डाणकाळाच्या सूत्रात (दुप्पट वेग छेद जी) 30 घातलेस तरी 6 च येतात. एका गणितात इतकं सगळं तपासून मिळतं. म्हणून मी उजळणीला पन्नास गणितं देत नाही. थोडीच देते आणि ती अशी उलटसुलट करून घ्यायला लावते.

वेळेबद्दल म्हणतेस ते खरं आहे. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. त्यात दोन तुकडे परवडत नाहीत.

आणखी एक सापळा सांगते. तिन्ही समीकरणं त्वरण बदलत नसेल तरच चालतात. ‘त्वरण = 6टी’ असं दिलं आणि वस्तू स्थिर अवस्थेतून निघाली, तर वेग 3टी² येतो. ‘व्ही = यू + एटी’मध्ये (शेवटचा वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × वेळ) डोळे मिटून घातलंस तर 6टी² मिळेल, आणि पेपर काढणाऱ्याने ते पर्यायांत नक्की ठेवलेलं असेल. त्वरणात टी दिसला की इंटिग्रेशन.

प्रश्न : मुलगा दुसऱ्यांदा नीट देतो आहे. कायनेमॅटिक्स, म्हणजे हाच गतीचा भाग, त्याचं पूर्ण झालं आहे असं तो म्हणतो. पुन्हा त्यात वेळ घालवावा का? नवीन प्रश्नसंच घेऊन देऊ का?
– एक पालक, चिपळूण

उत्तर : प्रश्नसंच राहू द्या. त्याआधी मुलाला कागदावर एक ग्राफ काढून द्या. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग. सुरुवातीला वेग अधिक 10, 4 सेकंदांनी उणे 10, मध्ये सरळ रेघ. आता त्याला विचारा : विस्थापन किती? अंतर किती? त्वरण किती? वस्तू कधी थांबली, आणि थांबली त्या क्षणी त्वरण किती?

उत्तरं तुमच्यासाठी देते. विस्थापन शून्य. अंतर 20 मीटर, कारण अक्षाच्या वर एक त्रिकोण 10 चा आणि खाली दुसरा 10 चा. त्वरण उणे 5. थांबली दुसऱ्या सेकंदाला, आणि त्या क्षणीही त्वरण उणे 5 च. शेवटच्या प्रश्नावर हुशार मुलंही ‘शून्य’ म्हणतात. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 आणि चुकीला उणे 1, तेव्हा असं एक ‘शून्य’ 5 गुणांना पडतं. त्याने पेन न उचलता सगळं बरोबर सांगितलं, तर कायनेमॅटिक्स बाजूला ठेवू द्या. अडखळला, तर दोन दिवस फक्त ग्राफ. सूत्रं नकोत.

हा धडा पुढेही पाठ सोडत नाही. दोन विद्युतभारित पट्ट्यांमधून जाणारा इलेक्ट्रॉन हा आडव्या फेकलेल्या दगडाचाच प्रश्न आहे, फक्त जी च्या जागी वेगळं त्वरण. उलट स्प्रिंगला टांगलेल्या वजनाला ही समीकरणं लावली की गेलं, कारण तिथे त्वरण जागेनुसार बदलत राहतं.

प्रश्न : एन-व्या सेकंदात कापलेल्या अंतराचं सूत्र पाठ करायचं का? यू अधिक ए छेद 2 गुणिले (2एन − 1). यात तर मितीच जुळत नाहीत. डावीकडे अंतर, उजवीकडे वेग!
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : शाब्बास, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. उजवीकडे 1 सेकंद लपलेला आहे. एकाने गुणलं तर आकडा बदलत नाही म्हणून तो लिहीत नाहीत, पण एकक त्याच्यापाशीच असतं. आणि हे अंतर नव्हे, त्या एका सेकंदातलं विस्थापन आहे. त्याच सेकंदात वस्तू उलटी फिरली तर दोन्ही वेगळे निघतील.

पाठ करायची गरज मला वाटत नाही. वरून नुसता सोडलेला दगड पहिल्या सेकंदात 5 मीटर पडतो, मग 15, मग 25, मग 35. प्रमाण 1, 3, 5, 7. हा विषम संख्यांचा नियम गॅलिलिओला उतारावरून गोळे सोडून मिळाला होता. चौथ्या सेकंदाचं विचारलं तर 4 सेकंदांतले 80 वजा 3 सेकंदांतले 45, झाले 35. सूत्र आठवेपर्यंत ही वजाबाकी होऊन जाते.